फुलेपर्यंत थांबणारी काकी

काकी अनोळखी रोप कधी उपटत नसे. पान चुरगाळून वास घ्यायची आणि म्हणायची, "फुलू दे की. फुलल्याबिगर कुणाचं नाव घिऊ न्हाई."

काकी म्हणजे माझी सावत्र आई. मी आठवीत असताना आई गेली आणि वर्षाच्या आत गडमुडशिंगीहून ही आली. रानातलं तण न् तण ओळखणारी. पण आमचं कोल्हापुरातलं परसू तिला परकं होतं. आई मालवणची, तिनं तिकडची रोपं आणून लावलेली. "नको ते काढून टाक," वडील म्हणाले. "तिच्या हातचं कुठलं, मला काय ठावं? एक बी काढणार न्हाई!" मग ती गवतालाही पाणी घालत राहिली. शेजारीण हसायची, "गवताचं बारसं कवा गं?" "बोलवीन की! बाळंतविडा घिऊन या!"

कोपऱ्यातल्या झाडाला पांढरे तुरे आले, तेव्हा डहाळी घेऊन ती बाजारातल्या मालवणी काजूवालीकडे गेली. येताना दारातूनच ओरडली, "जाम हाय त्यो! पाणीदार फळं येत्यात म्हणं. तुझ्या आईचा जाम!"

भूछत्रांबाबत मात्र कडक. लसूण टाकून शिजवू, काळा पडला नाही तर खाऊ, असं शेजारीण म्हणाली, तर हिचं उत्तर, "लसणाला काय कळतंय? वळख नसंल तर लांबनं रामराम करावा, ताटात घिऊ न्हाई."

मी तिच्याशी कामापुरतं बोलायची. राग नव्हता. ती आवडायला लागली होती, आणि ते आवडणंच मला आईशी बेइमानी वाटायचं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

एका पावसाळ्यात जामाच्या बुंध्यावर लाकडासारखी टणक भूछत्रं उगवली. काकीनं बुंधा ठोकून पाहिला. "आतनं पोकळ झालंय. वाऱ्यानं घरावर ईल." वडील कुऱ्हाड घेऊन निघाले, तर ही आडवी. "पोरगी म्हणंल तवाच." झाड तिनं दोरानं बांधलं. त्या बाजूच्या खोलीत मी झोपायची. तिथं स्वतःचं अंथरूण टाकलं आणि मला आत पाठवलं.

वारं वाढलं तशी मीच म्हणाले, "काकी, तोडूया." आधी तिनं झाडाला हळदकुंकू वाहिलं, मग मला पोटाशी धरलं.

माझ्या लग्नानंतर काही वर्षांनी ती अंथरुणाला खिळली. आज आई म्हणायचंच, असं ठरवून उशाशी बसले. तोंडातून "काकी" एवढंच आलं.

डोळे न उघडता ती म्हणाली, "उनाचं आलीस. जेवलीस न्हवं?"

"हो."

"खोटं बोलतीस. आवाज सुकलाय. जा, वाढून घे."

मी ताट घेऊन तिच्यापाशी बसले. तोवर तिला झोप लागली होती. ती पुन्हा बोलली नाही.