गुरुजींच्या पायाचा पट्टा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही बापूंना ओळखत नाही, गुरुजींना ओळखत नाही — आणि त्यांना ओळखणाऱ्यांपुढे माझी जीभ उचलत नाही, हे इतक्या वर्षांत मला पुरतं कळलंय.

मी इथला नव्हे. माझं गाव समुद्राकाठी, मालवणच्या बाजूला. चौथीत शाळा सुटली. सुटली कसली — मीच सोडली. मग एका लॉरीवर क्लीनर म्हणून फिरत फिरत इकडे आलो आणि इथे, वडीगोद्रीत, तापानं पडलो. लॉरी पुढे गेली. रस्त्याकडेला बापूंचं सायकलींचं दुकान होतं, त्यांनी मला उचलून आत निजवलं. ज्वारीची भाकरी माझ्या घशाखाली उतरेना, तर काकू, म्हणजे त्यांच्या घरच्या, माझ्यापुरता वेगळा भात शिजवायच्या. घरात तांदूळ फक्त सणाला यायचा, हे मला पुढे समजलं.

ताप गेल्यावर बापूंनी मला दुकानातच ठेवून घेतलं. तुम्हाला वाटेल, मग माणसाला धीर येत असेल. मला उलटंच झालं. एवढं मिळालंय, तर ते कधीतरी जाणारच — दिवसभर मनात तेवढंच. कुणा गिऱ्हाइकाची रिंग मी वाकडी करून ठेवली तेव्हा बापू काही बोलले नाहीत. ते न बोलणं मी आठवडाभर उरात घेऊन फिरत होतो. गावी परत जायला मला तोंड नव्हतं. एवढं लक्षात असू द्या. कारण म्हणून सांगत नाहीये. तेव्हा माझ्या मनात काय होतं, तेवढं सांगतोय.

आता गुरुजींचं सांगतो. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती, खेड्यापाड्यांत मराठी शाळा निघत होत्या. शेजारच्या गावी, अंतरवालीच्या शाळेवर गुरुजींची नेमणूक झाली. म्हातारी आई वडीगोद्रीत, म्हणून राहायचे इथेच. रोजचं जाणं-येणं सायकलवर. पण उजवा पाय लहानपणापासून लुळा. डाव्या पायानं सायकल ओढायचे आणि उजवा पायडलवरून सारखा निसटायचा, मग चेनमध्ये धोतर, मग पडणं. दोन-तीनदा शाळा उशिरा उघडली. तपासणीला आलेले साहेब सांगून गेले, वेळेवर पोचत नसाल तर दुसरा माणूस बघावा लागेल. मग गुरुजी पाय सुतळीनं पायडलला बांधून येऊ लागले.

ती सुतळी बापूंनी पाहिली. "गुरुजी, हे काय करून राह्यले तुम्ही? शेळी बांधली का काय?"

गुरुजी हसले. पण पायावर सुतळीचे वळ उठले होते.

दोन उपाय निघाले. एक बापूंचा. लोखंडी पट्टी वाकवून, वर रॉकेलच्या डब्याचा पत्रा मारून त्यांनी पायडलला टोपीसारखं काहीतरी बसवलं. चवडा पुढून आत सरकवायचा, मागून मोकळा. दुसरा माझा. लॉरीवर असताना कोल्हापुरात मी शर्यतीच्या सायकली पाहिल्या होत्या, त्यांच्या पायडलला चामड्याचा पट्टा असायचा. मी बैलाच्या जुन्या साजातलं चामडं कापलं, टाके घातले, बकल लावलं. बापूंनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "पोरा, हात बरा हाय तुझा." त्या दुकानात आल्यापासून माझं पहिलं कौतुक. मी ते किती वेळा मनात म्हणून पाहिलं असेल?

पण बापूंचं मन टोपीकडेच होतं. "पाय धरला न्हाई धरला, जल्दी निघाला पायजे," एवढंच ते म्हणायचे.

गुरुजी दुसऱ्या दिवशी येणार होते. आदल्या दुपारी मी पट्टा लावून अंतरवालीच्या वाटेवर गेलो. छान चालली सायकल. पाय आणि पायडल एकजीव. आणि मग शेळ्या आडव्या आल्या. मी ब्रेक दाबला, उतरायला गेलो — पाय निघालाच नाही. उजव्या अंगावर आडवा झालो, वर सायकल. पडल्या पडल्या बकल सोडवायला मला इतका वेळ लागला की शेळ्यांमागची म्हातारी तोवर जवळ येऊन उभी राहिली.

घरी आल्यावर काकूंनी कोपर पाहिलं. मी म्हणालो, मडगार्डचा पत्रा लागला. त्यांनी हळद लावली.

खोटं इथून सुरू झालं. नाही — खरं खोटं दुसऱ्या दिवशीचं.

गुरुजी आले. आधी टोपी लावून फेरी मारली. पाय बऱ्यापैकी राहत होता, खड्ड्यात मात्र मागं सरकायचा. मग पट्टा लावला. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. म्हणाले, "बापू, हा पाय माझाच हाय, असं आज पहिल्यांदा वाटलं."

मग गुरुजी माझ्याकडे वळले. मला ते 'तुम्ही' म्हणायचे, दुकानात तसं कुणीच म्हणत नसे. "तुम्ही स्वतः बसून पाह्यलं ना यावर? उतरायला कसं हाय?"

मी म्हणालो, "पाह्यलं. एकदम बराबर हाय."

पाह्यलं, हे खरं होतं. कोपरावर बाही ओढून घेत मी ते बोललो. बाही मी का ओढली? म्हणजे त्या क्षणी मला सगळं ठाऊक होतं. पडलो म्हणावं, तर पट्टा गेला, कौतुक गेलं, वर मडगार्डचं खोटं उघडं पडलं. या तीन गोष्टी एका बाजूला — आणि दुसऱ्या बाजूला त्यांचा पाय. मी तोलून पाहिलंच नाही. तोंडातून निघून गेलं.

आता इथली एक रीत सांगायला हवी. ओट्यावर वडीलधारी माणसं बसलेली असली की सायकलवर बसून पुढून जायचं नाही. उतरायचं, हातात सायकल धरून चालत जायचं, रामराम घालायचा, पुढे गेलं की परत बसायचं. आमच्याकडे हे नव्हतं, पण मला ते माहीत झालं होतं. दुकानासमोरून रोज पाहत होतो. गुरुजींनी पट्टाच ठेवून घेतला होता, आणि उतरायची युक्तीही बसवली होती — शाळेच्या भिंतीला टेकायचं, वाकून बकल सोडायचं. घाई नसली की जमायचं.

एका सकाळी अंतरवालीच्या चौकात, ज्यांनी शाळेला आपला गोठा दिला होता ते आबा ओट्यावर येऊन बसले होते. बरेच दिवस आजारी होते, त्या दिवशीच बाहेर आलेले. गुरुजींना ते कोपऱ्यावर वळल्यावर एकदम दिसले. आणि जन्मभराच्या सवयीनं गुरुजी उतरायला गेले.

मी जसा पडलो तसेच पडले. फक्त त्यांचा पाय लुळा होता. घोट्यात मोडला.

बैलगाडीतून आणलं त्यांना. बापूंनी स्वतः सायकलवरचा पट्टा कापून टाकला. गुरुजी म्हणत होते, "माझीच चुकी हाय, बापू, मीच घाई केली." बापू म्हणत होते, "न्हाई गुरुजी, दुकान माझं हाय. मी पाह्यलं पायजे होतं." दोघं जण एकमेकांकडून ती चूक ओढून घेत होते. मी गाडीचं जू धरून उभा होतो. मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर? माहीत नाही. आजही नाही.

अंतरवालीला दुसरे मास्तर आले. गुरुजींना नंतर पुन्हा शाळा मिळाली ती इथलीच, काठी टेकत जाण्याइतकी जवळ. पण मधे बरेच महिने ते खाटेवर होते आणि बापू रोज मला त्यांच्याकडे डबा घेऊन पाठवत. मी पाणी भरायचो, त्यांना उठवून बसवायचो. त्यांच्या आईला वाटायचं, केवढा गुणाचा मुलगा. गुरुजींना वाटायचं, याचे उपकार कसे फेडावे. एक दिवस त्यांनी विचारलं, कितवीपर्यंत शिकलात? आणि पाटी मागवली.

मी नीट लिहायला शिकलो तो असा. जोडाक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ, सगळं त्या खाटेशेजारी बसून. तुम्ही हे वाचताय ते त्यांनी वळवलेल्या हातानं लिहिलेलं आहे.

शेवटी शेवटी ते मला निबंध लिहायला लावायचे. एकदा विषय दिला, सायकल. मी दुकानातलं सगळं लिहिलं — चेन कशी बसवायची, पंक्चर पाण्यात कसं शोधायचं, बापू गिऱ्हाइकाशी कसे बोलतात. पायडलवरही चार ओळी लिहिल्या. पट्ट्यावर एक शब्द नाही.

गुरुजींनी पाटी दोनदा वाचली. एका वेलांटीवर बोट ठेवून ती दुरुस्त करायला लावली. मग म्हणाले, "जे पाह्यलं तेच लिहिलंत. म्हणून चांगलं झालं."

मी मान हलवली, आणि त्यांचा पाय उशीवर नीट ठेवून दिला.