दुभाजकापलीकडचा पेला

दोन शहरांना जोडणाऱ्या आमच्या राज्यमार्गावर दुभाजक उभा राहिला आणि पलीकडचे शिंपी सदाशिवराव मला दुरावले. पूर्वी ते दुपारच्या चहाला, मी रस्त्याकडेला लोकांचे अर्ज लिहितो त्या टेबलाशी येत. "काय अर्जनवीस, आज सरकारला किती हुकूम सोडलेत?" असे चिडवीत. आता मैलभराचा वळसा त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. ते तिकडून पेला उंचावतात, मी इकडून लेखणी.

आज दुभाजकात वाट ठेवण्याविषयी मी स्वतःच अर्ज लिहावयास घेतला. माझ्या हातचा अर्ज सहसा परत येत नाही. परंतु 'कारण' लिहिताना हात थांबला. एकट्याने चहा घशाखाली उतरत नाही, हे कोणत्या साहेबांस कळवावे? शेवटी 'वृद्धांची गैरसोय' असे लिहून मान वर केली. सदाशिवरावांचा पेला अजून उंचावलेलाच होता.