फादरांच्या पुस्तकातली त्रेचाळीस नावं

त्या सकाळी मी त्रेचाळीस माणसं गाळली.

बर्मिंगहॅममध्ये, नव्वदच्या दशकाच्या शेवटी. मी बावीस वर्षांचा स्टुडंट. फादर एडवर्ड यांच्या घरी वरच्या खोलीत राहायचो.

फादर वीस वर्षं सॉलोमन बेटांवर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी तिथल्या कॅथेड्रलचा इतिहास हाताने लिहिला. आधी पानांनी शाकारलेलं चर्च, मग युद्ध, मग सिमेंटच्या भिंती, वेदीवर शिंपल्यांचं जडावकाम.

टायपिंग माझ्याकडे.

शेवटची तीन पानं नुसती नावं होती. कॅथेड्रल बांधताना दगड, वाळू, पाणी वाहणाऱ्यांची.

पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीतच असावी लागतात. माझी तीन पानं वर जात होती. प्रेसला दुपारपर्यंत फ्लॉपी हवी होती आणि फादर हॉस्पिटलमध्ये चेकअपला गेले होते.

ही नावं कोण वाचणार, असं मनात आलं.
काढली.

पुस्तक आलं. फादरांनी शेवटचं पान उलटलं. पुन्हा उलटून पाहिलं. मी पानांची अडचण सांगितली.

"अरे, मग माझा फोटो गाळायचास," ते म्हणाले. "तो बघून तसंही कुणी पुस्तक घेणार नव्हतं."

"सॉरी, फादर."

"सॉरी मला नको म्हणूस."

त्यानंतर त्यांनी हा विषय कधीच काढला नाही. वर्षभरात गेले. हस्तलिखित माझ्या नावाने ठेवलं होतं. सोबत चिठ्ठी नव्हती.

आमच्या गावच्या चर्चचे दगड माझ्या आजोबांनी वाहिले. दारावरच्या संगमरवरात नाव मात्र एकट्या मिशनरी साहेबांचं. शाळेत जाता-येता मला त्याचा राग यायचा.

आणि मी तेच केलं.

रविवारी चर्चमध्ये मृतांची नावं वाचतात. शेवटच्या नावानंतर क्षणभर शांतता असते.

इतकी वर्षं त्या शांततेत मला माणसं उभी दिसायची. ओळीने. आपलं नाव येईल म्हणून थांबलेली.

आज फादरांना जाऊन पंचवीस वर्षं झाली.

परवा मूळ पानं तिकडच्या कॅथेड्रलला रवाना केली. आज सकाळी, आमच्या चर्चच्या व्हिकरना विचारून, उपासनेत सगळी नावं मोठ्याने वाचली.

उच्चार चुकले असतील. बायकोने निघतानाच बजावलं होतं, "अहो, उरकल्यासारखं वाचू नका. प्रत्येकाला वेळ द्या."

दिला.

फादरांचं नाव सर्वांत शेवटी घेतलं.

फादर, देवाच्या कुशीत शांत विसावा.