पोस्टमधला तो मीच!

बालाघाटच्या कोर्टात वकिली करायची तर हसू दाबायची सवय पाहिजे. सोशल मीडियावरच्या बदनामीचे दावे यायला लागल्यापासून तर आमच्या बार रूममध्ये किश्श्यांचा नुसता ढीग पडलाय! गोम एकच. पोस्ट लिहिणारा शहाणा नाव कधीच लिहीत नाही. मग दावा करणाऱ्याने सिद्ध करायचं, की वाचणाऱ्यांनी ‘तो’ म्हणजे मलाच ओळखलं.

* * *

एक ठेकेदार तणतणत आले. पोस्ट होती, ‘उद्घाटनाआधीच पूल खचला, ठेकेदार नव्या गाडीत!’

“कोणता पूल?” मी विचारलं.

“बिरसा रोडचा.”

“तुम्ही बांधलेला?”

“नाही जी, तो दुसऱ्याचा. पण समद्यांनी मलेच फोन केले!”

“काहून?”

“माहा लामता गावचा पूलबी खचला होता ना!”

* * *

त्याच सुमारास शोभाताई आल्या. किरनापूरला घरी मुलींची शिकवणी घेतात. तिथल्याच एका कोचिंगवाल्या सरांनी गावच्या ग्रुपवर टाकलं होतं, ‘एक मॅडम शिकवणीच्या नावाखाली घरी कोणाकोणाले बोलावते, पालकांनी डोळे उघडावे.’ आठवड्यात वर्ग रिकामा झाला.

“दादा, पैसे नाही पाह्यजे मले,” त्या म्हणाल्या. “ते माह्याबद्दल होतं अन् खोटं होतं, एवढं कोर्टानं म्हणावं. पोरी परत येतील.”

सरांचा जबाब तयारच होता. “मी कुठं हिचं नाव घेतलं?”

* * *

साक्षीदार कसा नसावा, ते एका पुढाऱ्याने दाखवलं. पोस्टमध्ये ‘ढोंगी, खादाड नेता’ एवढंच होतं. ओळखणारा माणूस म्हणून साहेबांनी सख्खा भाचा उभा केला.

समोरच्या वकिलाने विचारलं, “नाव नाही, फोटो नाही. मामालाच कसं ओळखलं?”

“सगळे गुण लिहिले होते ना, साहेब!”

बाहेर आल्यावर मामांनी त्याची पाठ थोपटली. “ठासून बोलला गड्या!”

* * *

शोभाताईंसाठी साक्षीदार शोधायला मी किरनापूरला गेलो. टपरीवर ज्यांनी शोभाताईंचं नाव घेऊन ती पोस्ट चघळली, तेच आता म्हणत होते, “आमाले काय मालूम वकीलसाहेब! आमी तं ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग पाहतो.”

एक काकू तेवढ्या खरं बोलल्या. “वळखलं होतं हौ मी. पण साक्ष देली तं लोक म्हणतीन, ह्या बाईनं असलं वाचलंच काहून?”

अशी ही अब्रूदार माणसं! पोस्ट पुढं पाठवताना यांच्या अब्रूला काही होत नाही. कोर्टाची पायरी दिसली की मात्र ती आजारी पडते. मला मनापासून किळस आली. शोभाताईंना काय सांगायचं, ते परतीच्या वाटेवर सुचेना.

* * *

शेवटी साक्षीदार आणला तो सरांनीच. धनराजभाऊ, किराणा दुकानदार, कडक इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. शपथेवर म्हणाले, “पोस्ट कोणाबद्दल होती, मले मालूम नाही. गावात शिकवणीवाल्या चार मॅडम आहेत.”

सर खुशीत मान हलवत होते. शोभाताई खाली बघत बसल्या होत्या. मी उलटतपासणीला उठलो.

“तुमची मुलगी शिकवणीला जायची?”

“हौ.”

“कोणाकडे?”

“शोभा मॅडमकडे.”

“आता जाते?”

“नाही. बंद केलं.”

“कधीपासून?”

धनराजभाऊंनी छाती पुढं काढली. “पोस्ट वाचल्याबरोबर! बाप आहो मी. एवढं तं समजते मले!”