तिसरा कॅट

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती गेली, न ऐकताच गेली. तुम्हाला का सांगतोय? घरात दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून असेल.

ऐंशीच्या दशकात मध्य प्रदेशात, बालाघाटला आम्हा नोकरदारांचा एक छोटा क्लब होता. रविवारी दुपारी रमी चाले, चहा-भज्यांवर. गजाननभाऊंना तिथे मीच नेलं. त्यांची नकाशे काढायची नोकरी, बायको वारलेली, मुलगी वारासिवनीला दिलेली. आठवडाभर कोणाशी चार शब्द बोलणं नाही. रविवारी मात्र इस्त्रीचा सदरा घालून सगळ्यांच्या आधी हजर!

आणि खेळायचे कसे? कोणी कोणतं पान उचललं, कोणतं टाकलं — सारं डोक्यात. लबाडी कसली, नुसती स्मरणशक्ती. पण दर रविवारी हरायला कोणाला आवडतं? त्यातून अध्यक्षसाहेबांना? आधी टाकलेल्या पानांचा ढीग पालथा ठेवायचा नियम आला. मग पिसायचं काम भाऊंकडून काढलं. तरी तेच जिंकत — तेव्हा दोनाऐवजी तीन कॅट घ्यायचं ठरलं. भाऊ हसले. "घ्या ना, मले का?"

पत्ते सांभाळायचं काम माझं. आधीचे दोन कॅट, एक लाल पाठीचा, एक निळ्या. तिसरा बाजारात लालच मिळाला. खेळ संपल्यावर दोन्ही लाल कॅट वेगळे करताना जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून मी — आता सांगूनच टाकतो — तिसऱ्या कॅटच्या प्रत्येक पानाच्या कडेला नखानं बारीक खूण केली. मीच केली.

एका रविवारी ती खूण साहेबांच्या बोटाला लागली. त्यांनी पान उजेडात धरलं, आणि थेट भाऊंकडे पाहिलं. "अब समझा, सब याद कैसे रहता है."

भाऊ माझ्याकडे वळले. "तू त मले जाणतं. सांग ना या साहेबायले."

एक वाक्य पुरलं असतं. साहेब फार तर चिडले असते. मी म्हणालो, "मले काही माहीत नाही."

भाऊंनी हातातली पानं खाली ठेवली, चपला घातल्या. पुन्हा येऊ नका, हे कळवायचं कामही माझ्यावरच आलं. तेही केलं — चिठ्ठी पाठवून. समोर जायची हिंमत होती कुठे? गावभर बभ्रा झाला. मग त्यांना कोणी कशालाच बोलवेना. मीही नाही.

वर्षभरानं ते मुलीकडे कायमचे जायला निघाले, तेव्हा माझ्या घरी आले. चहा घेतला. माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. ज्याला अख्ख्या दुपारची पानं आठवत, त्याला खुणा एकाच कॅटवर होत्या हे कळलं नसेल? तो कॅट कोणाच्या ताब्यात असे, हे? एका शब्दानं त्यांनी विचारलं नाही.

खोलीत आम्ही दोघंच होतो. ना साहेब, ना क्लब. भ्यायचं काही कारण उरलं नव्हतं. मी त्यांना विचारलं — वारासिवनीची गाडी किती वाजता आहे?