वन्संच्या वर्गातलं पाचवं डोकं

आमच्या वन्सं जन्माला आल्या तेव्हा रडल्याच नसणार. आधी सुइणीची हजेरी घेतली असणार, अशी माझी पक्की खात्री आहे. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत, आणि निवृत्त होऊन बरकतपुऱ्यात आमच्या वरच्या खोलीत राहायला आल्या त्या हातात लाल पेन घेऊनच. वर्तमानपत्र तपासतात, लग्नपत्रिका तपासतात, माझ्या पोळीचा गोलसुद्धा तपासतात. अशी बाई निवृत्तीनंतर काय करेल? भजनी मंडळ? छे! वन्संनी कोठी भागातल्या एका कॉलेजात संध्याकाळच्या चिनी भाषेच्या वर्गात नाव घातलं. आमच्या यांनी विचारलं, "अगं, चिनीच का?" तर म्हणाल्या, "दादा, जन्मभर बरोबर उत्तरं देऊन कंटाळा आलाय. आता जरा मनसोक्त चुकायचंय."

पहिलं वर्ष मजेत गेलं बघा. "तुम्ही कसे आहात, मी बरी आहे" एवढं चिनीत म्हटलं की आलेगेले टाळ्या वाजवायचे. खरी कसोटी दुसऱ्या वर्षी, मध्यम वर्गात. "वहिनी," त्या म्हणायच्या, "पहिल्या वर्षी मला सगळं येत होतं. आता काय काय येत नाही ते कळायला लागलंय." माझ्या डब्यांवर चिनी चिठ्ठ्या आल्या, आणि तुरीची डाळ शोधायला मला वन्संना वरून खाली बोलवावं लागे. त्या भाषेत म्हणे सूर बदलला की अर्थच बदलतो. सूर पक्का व्हावा म्हणून हाताने हवेत रेघ ओढायची. वन्सं ती कुठेही ओढत. एकदा ऑटोत बसून त्यांनी हात खाली नेला आणि वर चढवला, तर ऑटोवाल्याने भर चौकात ऑटो उभा केला. "अम्मा, लेफ्ट बोल्रैं कि रैट बोल्रैं? एक तो बोलो!" वन्सं शांतपणे म्हणाल्या, "तीसरा सुर है बेटा. पहले नीचे, फिर ऊपर." "तो फ्लायओव्हर बोलो ना, अम्मा!" म्हणाला, आणि नेलंन् की त्यांना फ्लायओव्हरवरून भलतीकडे.

पण पहिल्या वर्षीचा भरलेला वर्ग आता पाच जणांवर आला होता, आणि कॉलेजचा नियम असा, की पाचाचे चार झाले की वर्ग बंद. वन्सं बाकीच्या चौघांना लोणच्यासारखं जपत. कुणी शिंकलं की काढा, कुणी रुसलं की बेसनाचे लाडू. तरी त्यातल्या पुण्याहून आलेल्या सॉफ्टवेअरवाल्याची बदली झालीच. त्या दिवशी वन्सं स्वयंपाकघरात येऊन बसल्या, आणि माझी पोळी चक्क नकाशासारखी झाली तरी काही बोलल्या नाहीत. मी घाबरलेच. मग हळूच म्हणाल्या, "वहिनी, संध्याकाळी पाचला तुम्हाला काय काम असतं?"

"मला? अहो वन्सं, माझी सातवीसुद्धा अर्धीच झालीय!"

"नुसतं ऐकायला बसणारी चालते, मी विचारून आलेय. ते डोकी मोजतात, डोक्यात काय आहे ते नाही."

गेले मी, वाती वळायला कापूस घेऊन. मॅडम आमच्या सुनेपेक्षा लहान. तिने हजेरी घेतली आणि शेवटी म्हणाली, "शालिनी." मी इकडेतिकडे बघतेय, ही कोण? वन्संनी कोपर मारलं तेव्हा उजाडलं. अहो, "अगं", "वहिनी", "आई", "आजी" आणि भाजीवाल्याचं "अम्मा", यांच्या खाली माझं नाव कधी गाडलं गेलं, मलाच कळलं नव्हतं.

तिथे एक गंमत झाली. फळ्यावरची ती चिनी अक्षरं मला रांगोळीसारखी दिसायला लागली. कुठली रेघ आधी, हात कुठे सोडायचा, ते बोटांना आपसूक कळे. मॅडमने माझी वही उचलून वर्गाला दाखवली. परतताना वन्सं फणफणल्या, "वहिनी, तुम्ही भरतीला आलाय, नंबर काढायला नाही!" दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दारात रांगोळी घालत होते, तर शेजारी उकिडव्या बसल्या. "ही रेघ खाली आणताना हात कसा सोडता? दाखवा."

आणि मग एके दिवशी कॉलेजचे साहेब डोकी मोजायला आले. माझ्या मांडीवरच्या वाती बघून थबकले. "ये अम्मा कौन?" म्हटलं, बुडाला वन्संचा वर्ग माझ्यापायी. वन्सं उठल्या. आता "मेरी भाभी" म्हणणार, तर शाळेतला खणखणीत आवाज काढून म्हणाल्या, "स्टूडेंट है. क्लास में सबसे अच्छी लिखावट इनकी." साहेबांनी पाच बोटं मिटली नि गेले.

वर्ग टिकला, परीक्षा झाली. वन्संना जेमतेम गुण पडले. एवढ्यावर त्यांनी पूर्वी मुलांच्या आईबापांना बोलावून घेतलं असतं. आता स्वतःच पेढे वाटले. पण पुढचा वर्ग त्या कॉलेजात नाही. पाच वाजले की मी अजून वेणी घालते, आणि मग आठवतं, जायचं कुठेच नाही.

काल पाचला वन्सं जिना उतरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "शालिनी!" इतक्या वर्षांच्या नात्यात त्यांनी मला नावाने हाक मारली नव्हती. हात कणकेत होते. मी तशीच ताठ उभी राहिले आणि चिनीत "हजर" म्हटलं. सूर चुकलाच असणार. वन्संनी तो दुरुस्त केला नाही.