परड्यातली हाक

माझ्या थोरल्या भावावर मी आयुष्यात दोनदा हात उचलला, आणि दोन्ही वेळा सगळी गल्ली बघत होती. दुसऱ्या वेळी त्यानं माझं गळ्याजवळचं हाड मोडलं. लोकांच्या लेखी कुस्ती बरोबरीत सुटली. माझ्या लेखी ती अजून सुटलेली नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

आमची गल्ली रंकाळ्याच्या अलीकडं. ओळीनं सहा घरं, आणि सहाही घरांची परडी, म्हणजे मागची अंगणं, एकमेकांत मिसळून एक मोकळं मैदानच झालं होतं. ते उतरत उतरत थेट तळ्याच्या काठाला भिडायचं. कुंपण कुणी घातलं नव्हतं. म्हशी तिथं बांधायच्या, शेणी तिथं थापायच्या, लग्नाचा मांडवही तिथंच पडायचा. बाहेरगावचे पाहुणे संध्याकाळी खाटेवर वारा खात बसले की म्हणायचे, "नशीबवान हाय बघा तुमी." त्या नशीबवानांच्या घरात पाठ टेकायला जागा नाही, हे त्यांना अंथरुणं घालायच्या वेळी कळायचं.

आमच्या घराला दोन खोल्या. एकीत दादा, वहिनी आणि त्यांची तीन पोरं. दुसरीत मी, माझी बायको, दोन मुली आणि आई. मुली खाटेखाली झोपायच्या. थोरली दहा वर्षांची झाली तरी तिला कपडे बदलायला आडोसा नव्हता. बायको लुगडं आडवं धरून उभी राहायची. मी उद्यमनगरात लेथवर कामाला होतो. दिवसभर मशीनशी उभं राहून घरी यायचं आणि स्वतःच्याच घरात अंग चोरून बसायचं, याचा मला संताप यायचा. आत राग धरून ठेवायची सवय आमच्या घराण्यात कुणालाच नाही.

दादाच्या चार म्हशी होत्या. दोन्ही वेळेला तो त्यांना चौकात नेऊन बांधायचा आणि गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायचा. वडिलांनी त्याला म्हशी दिल्या आणि आम्हा दोघांना दिली ती हाक. वडील नाकातून एक लांब सूर काढायचे आणि शेवटी तो झटक्यानं तोडायचे. म्हशी रेडकं असल्यापासून त्या सुरावर वाढलेल्या. तळ्याच्या मधोमध डुंबत असल्या तरी हाक ऐकली की सरळ बाहेर. दिवाळीच्या पाडव्याला गावातल्या सगळ्या म्हशी सजतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायांत घुंगरं. मग मालकानं पुढं पळत हाक द्यायची आणि त्या ढोलताशातून, फटाक्यांतून त्याची म्हैस बरोबर त्याच्याच मागं धावायची. यातच सगळी इज्जत. वडील गेल्यावर हाक दादा मारायचा. मलाही यायची, अगदी हुबेहूब, पण लेथवर गेल्यापासून मी ती तोंडातून काढली नव्हती.

नगरपालिकेची महानगरपालिका झाली त्याच सुमाराला एक कंत्राटदार गल्लीत आला. परड्यात चोवीस ब्लॉकांची चार मजली इमारत बांधतो म्हणाला. प्रत्येक घराला दोन ब्लॉक, उरलेले तो बाहेरच्यांना विकणार. प्रत्येक ब्लॉकला स्वतंत्र मोरी, संडास, आणि तळ्याकडं तोंड करून गॅलरी. अट एकच, सहाही घरांच्या सह्या पाहिजेत. त्यानं निळा नकाशा उलगडला तेव्हा माझ्या बायकोनं त्यातला ब्लॉक बोटानं मोजून पाहिला. इतकी हरखलेली मी तिला लग्नातसुद्धा पाहिली नव्हती.

सभा तालमीत भरली. आमच्या गल्लीतले सगळे वाद तालमीतच चालायचे. कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या कडेनं पोती अंथरली आणि मधे नकाशा ठेवला.

तालमीचे वस्ताद, आमच्याच ओळीत राहणारे, पहिल्यांदा बोलले. सत्तरीचे, कान मोडलेले, आवाज खणखणीत. "एका नळावर सहा घरं एकमेकांच्या झिंज्या उपटत्यात. तिथं चोवीस आली तर मुडदं पडतील. आन त्यांची घाण कुठं सोडणार? तळ्यातच की!"

शेजारचे चाचा पत्र्याच्या ट्रंका करायचे. चार पोरं लग्नाची, घरात खोली एक. ते म्हणाले, "वस्ताद, पोरीवाले येत्यात, खोली बगत्यात, च्या पिऊन जात्यात. चौघं पोरं म्हातारी झाल्यावर मला तळ्याचा वारा घेऊन काय करायचाय?"

हशा पिकला. तेवढ्यात दादा उठला. "सगळ्यांचं झालं काय? मग मला एवढंच सांगा, म्हशी मी कितव्या मजल्यावर बांधू?"

पुन्हा हशा. या वेळी तो माझ्या बाजूच्या लोकांचा होता, आणि दादाला तो झोंबला. मी म्हणालो, "म्हशी वीक की. पोरी खाटेखाली झोपत्यात त्या दिसत न्हाईत तुला? म्हसराला मैदान आन माणसाला खाटंखालचा अंधार, व्हय?"

"पोरींना माझ्या खोलीत झोपीव. मी म्हशींत झोपतो," दादा म्हणाला. आणि तो खरंच झोपला असता, म्हणून तर माझं डोकं जास्त फिरलं. मग त्यानं वाकून नकाशा उचलला आणि उभा टराटरा फाडला.

मी त्याच्या तोंडात मारली. उलट्या हातानं, अंगठीसकट. त्याचा ओठ फुटला. ज्यानं मला त्याच हौदात पहिला डाव शिकवला होता त्याला मी त्याच हौदाच्या कडेवर मारलं. दादानं हात उचलला नाही. पण बाकीच्यांना तेवढं पुरलं. वस्तादांच्या पुतण्यानं भिंतीकडचा लाकडी मुद्गल उचलला आणि चाचांच्या थोरल्या पोराच्या डोक्यात घातला. पोरगा हौदात कोसळला. त्याच्या भावांनी पुतण्याला खाली घालून तुडवला. कुणी कुणाचा गळा धरला होता ते त्यालाच ठाऊक नव्हतं. शेवटी वस्तादांनी दोघांतिघांना काठीनं झोडपून बाजूला केलं, हौदातली हळद-ताकात मळलेली मूठभर माती घेतली आणि पोराच्या जखमेवर दाबली. रक्त थांबलं. मग वस्ताद स्वतः त्याला उचलून दवाखान्यात घेऊन गेले.

महिन्याभरात पाच सह्या झाल्या. कंत्राटदारानं तालमीला नवा स्लॅब घालून द्यायचं कबूल केलं, तशी वस्तादांचीही झाली. राहिला दादा. घर दोघांच्या नावावर, त्याच्या सहीशिवाय काही चालणार नव्हतं. कंत्राटदार म्हणाला, पाच घरांच्या बाजूनं काम तर सुरू करू, तोवर त्याचं मन वळंल. त्यानं परड्याच्या वरच्या अंगाला पायाचे चर खणले, माणसाच्या कमरेइतके खोल. दादानं दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन एक चर बुजवला. मजूर अडवायला गेले, दगडफेक झाली, एका मजुराचे पुढचे दात गेले. तिसऱ्या दिवशी चर पुन्हा खणला. घरात वहिनी आणि माझी बायको चुलीवरून भांडल्या आणि एकमेकींच्या अंगावर गेल्या. वर्षानुवर्षं एका ताटात जेवलेल्या बायका. आईनं मधे पडायचा प्रयत्न केला तर तिचा हात भाजला. मला तेव्हाच थांबायला पाहिजे होतं. मी थांबलो नाही, कारण मला वाटत होतं की मी बरोबर आहे. आणि मी बरोबर होतोही, हे आणखी वाईट.

परतीचा पाऊस त्या वर्षी जोरात झाला. काम बंद पडलं, चर काठोकाठ भरले आणि त्यांच्यावर हिरवं शेवाळ आलं. पाडव्यापर्यंत लांबून बघणाऱ्याला तिथं गवत उगवल्यासारखं दिसायला लागलं.

पाडव्याला दादानं म्हशी तळ्यात धुतल्या, शिंगांना लाल रंग दिला, मोरपिसं बांधली. सगळ्यांत थोरली म्हैस वडिलांच्या हातची. तिच्या अंगावरचे केस कातरून दादानं पाठीवर वेलबुट्टी काढली होती. चारही म्हशी परड्याच्या खालच्या अंगाला, तळ्याकडं उभ्या होत्या. मी वरच्या अंगाला, चरांच्या पलीकडं, चाचांच्या पोरांबरोबर उभा होतो. दादाची पोरं उड्या मारत होती, माझ्या मुली दारातून बघत होत्या. त्यांना तिकडं जायला मीच बंदी केली होती.

मी ओरडलो, "मिरवून घे दादा. फुडल्या पाडव्याला तिथं जिना असंल!"

त्यानं वळून बघितलं. सणाचा दिवस, सगळी गल्ली गोळा झालेली. "परड्यात वाटा मागतोस," तो म्हणाला, "शेण कधी काढलंस? एक तरी म्हैस वळखती का तुला? मार की हाक! आली एक जरी, तर आत्ता सही करतो, ह्या सगळ्यांम्होरं!"

लोक हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि वडिलांची हाक मारली.

थोरल्या म्हशीनं मान वर केली. एवढ्या वर्षांत कुठला सूर लागला असेल तर तो त्या दिवशी लागला. दादाच्या हातातला कासरा हिसकून ती निघाली. सरळ रेषेत, घुंगरं वाजवत, माझ्याकडं. पहिल्या क्षणी मला नुसता आनंद झाला. अगदी खरं सांगतो, मला आनंद झाला. मग माझी नजर आमच्यामधल्या हिरव्या पट्ट्यावर गेली.

दादाला ते माझ्या आधी कळलं. तो "थांब, थांब" करत मागं पळत सुटला. पण आवाज तोच होता, वडिलांचा, आणि त्या आवाजाला ती जन्मभर फक्त पळतच आली होती. ती आणखी जोरात पळाली. शेवाळात पुढचे पाय गेले आणि मोठा आवाज झाला. पाण्याचा नव्हे, हाडाचा.

दादा चरात उतरला. तिचं डोकं पाण्याबाहेर धरून तो उभा होता आणि ती माझ्याकडंच बघत होती. आम्ही आठजणांनी दोर लावून तिला वर काढलं. मी दोराला हात लावला तेव्हा दादानं काठी उचलली. पहिला तडाखा माझ्या खांद्याजवळ बसला आणि हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. मीसुद्धा उजव्या हातानं त्याला मारलं. का मारलं ते विचारू नका. चूक माझी होती आणि तरी मी त्याच्या छातीवर, तोंडावर गुद्दे घालत होतो. दोघं चिखलात लोळलो. तो रडत होता आणि मारत होता. सोडवायला गल्लीतलं कुणीही पुढं आलं नाही. वस्ताद नुसते उभे होते. शेवटी आई आली आणि आमच्यामधे चिखलातच बसली.

म्हशीचे दोन्ही पुढचे पाय गेले होते. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, इलाज नाही. दादा तीन दिवस तिच्याजवळ बसून तिला पाणी पाजत होता. चौथ्या दिवशी ती गेली. तिला त्यानं परड्यातच पुरलं, एकट्यानं खड्डा खणून. माझा हात गळ्यात बांधलेला होता, नाहीतर मी गेलो असतो असं मी लोकांना सांगायचो. मला त्यानं येऊ दिलं नसतं.

नंतर त्यानं कंत्राटदाराला बोलावलं आणि सही केली. माझ्याकडं न बघता म्हणाला, "हाकेला आलती. शब्द दिलता मी." आमच्या घराच्या दोन ब्लॉकांतला त्याच्या वाट्याचा ब्लॉकही त्यानं घेतला नाही. उरलेल्या तीन म्हशी, वहिनी, पोरं आणि आई यांना घेऊन तो कसबा बावड्याला, उसाच्या रानालगतच्या पत्र्याच्या शेडात राहायला गेला.

इमारत झाली. जिना बरोबर ती म्हैस पुरली होती तिथंच आला. आम्हाला तिसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक मिळाला. मुलींना खोली मिळाली. चाचांच्या चौघांची लग्नं झाली. नळावर मारामाऱ्या झाल्या, वस्ताद म्हणाले होते तशाच, आणि तळ्याच्या पाण्याला वास यायला लागला. गॅलरीतून तळं फार छान दिसतं. ते मी कबूल करतो.

दहा-बारा वर्षं आम्ही बोललो नाही. मग आई गेली. तिच्या दिवसाला मी बावड्याला गेलो तेव्हा दादानं माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला, तिथून सुरुवात झाली. पुढच्या पाडव्याला त्यानं निरोप पाठवला, ये म्हणून.

शेडाच्या जागी पक्का गोठा झाला होता. सात म्हशी सजून उभ्या. दादाचे केस पांढरे झाले होते. त्यानं एक जुनी मोटारसायकल काढली, किल्ली फिरवली आणि गाडीचा आवाज जागेवरच घुमवला. कान बसले माझे. तो निघाला तशी एक तरणी म्हैस दावं सुटताच त्या धुरामागं धावली, गल्लीतून, पोरांमधून, बरोबर त्याच्या मागं. लोक टाळ्या वाजवत होते. सगळीकडं आता असंच चालतं म्हणे.

परत येऊन त्यानं गाडी लावली. मी विचारलं, "दादा, हाक न्हाय मारत आता?"

"न्हाय." त्यानं किल्ली काढून बंडीच्या खिशात टाकली. "गाडीची किल्ली माझ्या खिशात ऱ्हाती. हाक काय, कुणाच्या बी तोंडात असती."

वहिनीनं फराळाचं ताट पुढं केलं. मी चकली उचलली, पण ती बराच वेळ हातातच राहिली.